वाचून दाखवले, समजले

अमरावती
१२ ऑगस्ट २०२४

चि. मायास,

जयभीम. तुह्या माहितीसाठी लिहून ठेवते की मी तुही आजी आहो. नाव दुर्गाबाई, नवऱ्याचं नाव डोमाजी, तो आता नाही. रंग सावळा, समोरचे दोन दात नाहीत, डाव्या गालावर तीळ. कोणी इचारलं तर इतलं सांगता आलं पाहिजे. एप्रिलमधी गेली तवा ‘दर पंधरा दिवसाले पत्र टाकीन’ मनली होती. आता ऑगस्ट आला. तुह्या मुंबईत पंधरा दिवस केवढे असतात ते एकदा कळवजो.

फोन करते तू, ते मंजूर आहे. पण फोनवर ‘जेवली का, गोळी घेतली का’ इचारते न् ठेवून देते. तेवढं तर दवाखान्यातली नर्सबी इचारते. अन् त्या व्हिडिओत तुले माह्या नाकपुड्या दिसतात न् मले तुह्या खोलीतला पंखा. पत्राचं बरं असते. एकदा आलं की चारदा वाचून घेता येते.

हे पत्र रजिया लिहून राहिली. तू विसरली असशीन मनून सांगते, बाजूची रजियाबी. महापालिकेच्या उर्दू शाळेत तीस वर्ष मराठी शिकवून रिटायर झाली, त्याचा तिले आजबी गर्व आहे. मी ‘पोट्टं’ मनलं की ती ‘मुलगा’ लिहिते. मी मनलं, अशानं माया मले ओळखणार नाही, मी बोलते तसं लिही. आता तोंड वाकडं करून लिहून राहिली. हेबी लिही. लिहिलं.

आता कामाचं. तिचा इमाद आठवते का? त्याच्या मांज्यानं तुहं बोट कापलं होतं तो. त्यानं अकोल्याले एमआयडीसीत भाड्याचं शेड घेतलं. डाळीची मशीन बनवते. मोठ्या मिलवाली नाही, जीपवर बसते अशी. मशीन गावात जाईन, बाया घरची तूर आणतीन, दारातच डाळ होईन. मेळघाटाकडच्या बायांले डाळ करायले परतवाड्यापर्यंत यावं लागते ते वाचते. एक मशीन झाली. आणखी पाच करायच्या तर भांडवल पाहिजे. बँक मनते जमीन दाखव. जमीन असती तर पोट्टं मशीन कायले बनवतं?

मनून तो ओळखीच्यांले हिस्सा देऊन राहिला. आपल्या गल्लीतल्या बचत गटाच्या अकरा बाया अन् मी बारावी. मी चाळीस हजार टाकीन मनते. नफा झाला तर मिळन, नाही झाला तर नाही, बुडले तर बुडले, असं त्यानं कागदावरच लिहिलं आहे. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर शेडले कुलूप लावून भिवंडीले गोदामात नोकरी धरीन मनते. रजियालेबी तिकडंच नेईन. नेऊ दे, मले काय.

तुह्या ऑफिसात हेच काम चालते मने, कोणी कोणाकडून पैसे घ्यावे न् कसे घ्यावे. तर इचारून सांग.

येताना खारी आणजो. रजियालेबी लागते, तिच्या हिशेबानं आण.

तुही आजी,
दुर्गाबाई


मुंबई
२५ ऑगस्ट २०२४

ती. आजीस,

सप्रेम जयभीम. पत्र वाचून आधी हसले आणि मग लाज वाटली. तीळ डाव्या गालावर आहे हे मला पक्कं आठवत होतं, हे नमूद करते. रजिया खालांना आदाब सांग. खाला, तुम्ही हे वाचत असणार, तेव्हा तुम्हालाच सांगते.

आजी, तू विचारलंस ते सरळ सांगणं अवघड आहे, कारण सध्या माझ्या टेबलावर तेच पडलं आहे. लहान धंद्यांना आपल्याच जिल्ह्यातल्या लोकांकडून, थोड्या कागदांवर, भांडवल उभं करू द्यावं की नाही, याचा मसुदा आमच्याकडे चालू आहे. ऑफिसात दोन तट आहेत. एक म्हणतो, मोठ्या कंपन्यांसाठी केलेले नियम छोट्या कारागिराच्या गळ्यात बांधले, म्हणून तो उभाच राहत नाही. दुसरा एक कपाट उघडून दाखवतो. त्या कपाटात बुडालेल्या लोकांचे अर्ज आहेत, साध्या वहीच्या कागदावर लिहिलेले. मी ते वाचत बसते. प्रत्येक अर्जात मला आजोबा दिसतात. सागवानाच्या झाडांची ती योजना, निवृत्तीचे सगळे पैसे, आणि ते शेवटची दोन वर्षं दारात पोस्टमनची वाट बघत बसायचे ते. आपल्या घरात आता तू आणि मीच उरलोय. तुझे पैसे गेलेले मला बघवणार नाहीत.

अशा कागदांच्या शेवटी एक ओळ छापलेली असते: ‘वरील सर्व मला वाचून दाखवले, समजले.’ तिच्याखाली ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अंगठा. मसुद्यातलं तेवढं एक कलम माझ्याकडे आलं आहे. वाचून कोणी दाखवायचं, एवढंच त्यात ठरवायचं आहे.

म्हणून तुलाही तेच विचारते. इमादचा कागद तुला कोण वाचून दाखवणार आहे?

उत्तर मिळेपर्यंत अंगठा देऊ नकोस. इकडे सगळं ठीक. खोली शांत आहे.

तुझी,
माया


अमरावती
१० सप्टेंबर २०२४

चि. मायास,

तुहं पत्र आलं. पाकीट इतलं जाड की पोस्टमन मनला, नातीनं नोटा पाठवल्या का. मी मनलं, नाही, सल्ला आहे.

रजियानं वाचलं. ‘कोण वाचून दाखवणार’ तिथं ती थांबली. उठून पाणी पिली. मंग तीच ओळ पुन्हा वाचली. मी मनलं एकदा ऐकली, पुढं चाल. तिनं पुढचं वाचलं.

आता ऐक. आमी दोघी बसनं अकोल्याले जाऊन आलो. तू कागदाचं इचारते, मी मशीनच पाहून आली. शेडात पत्रा इतका तापते की पापड भाजून निघन. इमादनं पायलीभर तूर टाकली. इकडून डाळ, तिकडून टरफल, चुनी मने डाळीचा भुगा जराशीक. मी डाळ दाताखाली धरली, बाजूचे आहेत अजून. चांगली निघाली. मंग त्याले मनलं, मशीन जीपवर चढवून दाखव. चार माणसं लागली न् एकाची चप्पल तुटली. मी मनलं, दोन माणसांत चढली पाहिजे, बायांच्या गावात तू चार गडी कुठून आणशीन? त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

कागद रजियानंच वाचला. ती वाचणार नाही तर कोण? मी दर ओळीले तिले थांबवलं. ‘हिस्सा’ मने काय? ‘तोटा झाल्यास’ मने कोणाचा? ती मनली, तुमचा. मी मनलं, पुन्हा वाच. ती मनली, दुर्गाबाई, शाळेत एवढा त्रास पोट्ट्यांनी नाही दिला. पाय, ‘पोट्ट्यांनी’ मनली. मी तवाच खूश झाली. अंगठा देऊन टाकला. तुहं पत्र जपून ठेवलं आहे, पण अंगठा दिला.

तुह्या आजोबाले वाचता येत होतं. सागवानाचा कागद त्यानं चष्मा लावून दोन दिवस वाचला. बुडालेच. झाडं पाहायले मातर गेला नाही.

अन् एक गोठ तुले कधी सांगतली नाही. आजोबा परतवाड्याच्या डेपोत होता तवा मले शेवयाची मशीन घ्यायची होती. त्याच्या पगारात जमत नव्हतं. मी बारा बायांकडून वीस-वीस रुपये घेतले. मनलं, उन्हाळ्यात शेवया देईन, मशीन मोडली तर काही देणार नाही. बाया ‘बरं’ मनल्या. कागद नाही न् अंगठा नाही. नऊ वर्ष चालली मशीन. फक्त एक सुंदराबाई, तिच्या नवऱ्याची बदली झाली न् ती उन्हाळ्याच्या आधीच धारणीले गेली. तिच्या दोन किलो शेवया घेऊन मी जीपनं निघाली. घाटात जीप बंद पडली, माणसं उतरवली, मालावर माल पडला. पोचली तवा अर्ध्या शेवयांचा चुरा. मले लाज आली. सुंदराबाईनं तराजू काढला. मनली, चुराबी तोलून घेते. पूर्ण दोन किलो तोलून घेतल्या, मंग मले जेवू घातलं न् रात्रभर ठेवून घेतलं.

तुहा नियम तवा असता तर माही मशीन आली नसती. अन् सागवानाच्या वेळी असता तर आजोबा दोन वर्ष दारात बसला नसता. आता हे दोन्ही एका कागदावर कसं बसवते ते तू पाय. तुले त्याचाच पगार आहे.

खोली शांत आहे मनून लिहिलं. खोलीले आवाज असते का, माणसाले असते. कोणाशी बोलत जा.

तुही आजी,
दुर्गाबाई

मायाबेटी, याखालचे दुर्गाबाईंनी सांगितलेले नाही, मी माझ्या मनाने लिहीत आहे. तुमच्या पत्रातला एकही शब्द मी गाळला नाही. कागदातलाही नाही. इमाद माझा मुलगा आहे म्हणून मी जरा जास्तच हळू वाचले. तुम्हाला शंका येणे रास्त आहे. – रजिया


मुंबई
२९ सप्टेंबर २०२४

(हे पत्र बंडूकाकांनी आजीला वाचून दाखवावे. त्या वेळी शेजारचं कोणी नसावं.)

ती. आजीस,

सप्रेम जयभीम. हे पत्र नेहमीच्या पत्त्यावर न टाकता अकोल्याला बंडूकाकांकडे पाठवते आहे. रविवारी ते तुझ्याकडे येतील. बाबांच्या चुलतभावाला मी कधी काम सांगितलं नव्हतं, पण या वेळी सांगितलं.

इमाद लबाड आहे असं मी म्हणत नाही. त्याचा कागद तू सांगितलास त्यावरून बऱ्यापैकी प्रामाणिक वाटतो. पण तो तुला वाचून दाखवणारी त्याची आई आहे. मागच्या पत्राखाली रजिया खालांनी चार ओळी लिहिल्या होत्या. त्या तुला माहीत नाहीत. ओळी चांगल्याच होत्या, पण त्या वाचून मला झोप आली नाही. तुला न कळता चार ओळी घालता येतात, तर तुला न कळता चार ओळी गाळताही येतात. गाळल्या असतील असं नाही. पण गाळल्या तर तुला कधीच कळणार नाही.

मसुद्यात मी तेच लिहिलं आहे. वाचून दाखवणारी व्यक्ती स्वतंत्र असावी, रक्कम घेणाऱ्याच्या नात्यातली नसावी. जे मी साऱ्या लोकांसाठी लिहिते ते माझ्या आजीसाठी नको, असं कसं म्हणू?

अंगठा दिला असलास तरी थांबता येतं. इमादला सांग, नियम येईपर्यंत थांब. काही महिन्यांचाच प्रश्न आहे.

बंडूकाकांसोबत खारीचा डबा पाठवला आहे, जिऱ्याची. खालांनाही दे. त्यांना यातलं काही सांगू नकोस.

तुझी,
माया


मुंबई
४ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस,

सप्रेम जयभीम. महिना झाला, पत्र नाही. फोनवर तू ‘सगळं बरं आहे’ म्हणतेस आणि आधी तूच ठेवतेस. हे माझं काम होतं, ते तू घेतलंस. बंडूकाका म्हणतात, ‘चोख वाचून दाखवलं, काळजी नको.’ दिवाळीत यायचं होतं, पण मसुद्यावर आलेल्या सूचना वाचायला मला ठेवून घेतलं. साडेतीनशे सूचना आल्या आहेत. ऑफिसच्या मजल्यावर मी आणि पहारेकरी, दोघांनी मिळून एक फराळाचं पाकीट संपवलं.

माझं कलम सगळ्यांना आवडलं. फार बारकाईने विचार केलाय, असं वरिष्ठ म्हणाले. तुला सांगावंसं वाटलं.

रजिया खाला बऱ्या आहेत ना? हे पत्र कोण वाचतंय?

तुझी,
माया


अमरावती
२० नोव्हेंबर २०२४

मायाबेटी,

दुआ. हे पत्र दुर्गाबाईंचे नाही, माझे आहे. त्यांनी लिहायला सांगितलेले नाही.

तुमचे ४ तारखेचे पत्र त्यांच्या उशीखाली बंद पडले होते. काल त्या ते घेऊन आमच्या पायरीवर येऊन बसल्या. पाकीट माझ्या हातात दिले. मी फोडले आणि वाचले. पूर्ण वाचले. ‘हे पत्र कोण वाचतंय’ तिथे त्या म्हणाल्या, ‘तिले सांग, रजिया वाचून राहिली.’ म्हणून हे कळवत आहे.

झाले ते असे. बंडूभाऊ आले त्या रविवारी दुर्गाबाईंच्या अंगणात बचत गटाची बैठक होती. अकराही बायका होत्या. मी चहाच्या कपबश्या घेऊन आले होते. शेजारचे कोणी नको, ही तुमची सूचना (ते पत्रही मी काल पूर्ण वाचले) त्यांनी पाहिली नाही की पाहून सोडली, ते मला माहीत नाही. मुंबईहून, मोठ्या ऑफिसातून पत्र आले म्हणून ते उभे राहून वाचू लागले. सुरुवातीला म्हणाले, ‘लांबलचक आहे, कामाचं तेवढं सांगतो.’ इमाद लबाड नाही ही ओळ कामाच्या ओळींत आली नाही. ओळी गाळल्या तर कळणार नाही ही आली. नंतर आपल्या मनाने म्हणाले, ‘म्हणजे सरकारनं यावर बोट ठेवलं.’

बायकांनी माझ्याकडे पाहिले नाही. कपबश्या मी तशाच परत आणल्या. आठ दिवसांत अकरा जणींनी नावे मागे घेतली. त्यांचा दोष नाही. दुर्गाबाईंनी घेतले नाही. पण एकीच्या पैशात पाच मशिनी होत नाहीत. दिवाळीनंतर इमादने त्यांचा कागद अंगठ्यासकट परत आणून दिला आणि शेडची किल्ली मालकाला दिली. तो भिवंडीला रुजू झाला आहे. सुनेला सातवा महिना लागला आहे, जानेवारीत मीही जाईन.

तुमचे कलम बरोबर आहे, बेटी. मुलाचा कागद आईने वाचू नये. तुमच्या जागी मी असते तर हेच लिहिले असते. फक्त एक पाहिलेले सांगते. मी वाचत असताना दुर्गाबाई मला दर ओळीला थांबवत होत्या. बंडूभाऊंना त्यांनी एकदाही थांबवले नाही. ते पाहुणे होते.

चाळीस दिवस मी त्यांच्या अंगणात गेले नाही. ते मात्र कोणत्या नियमाने नव्हते, माझ्या मानीपणाने होते. त्याचा मला पस्तावा आहे.

खारीचा डबा त्यांनी अजून फोडलेला नाही.

रजिया


मुंबई
८ डिसेंबर २०२४

ती. आजीस आणि रजिया खालांस,

दोघींना एकच पत्र लिहिते आहे. आता दुसऱ्या कोणाकडून काही वाचून घ्यायचं नाही.

खाला, तुमचं पत्र मी दिवसभर पर्समध्ये ठेवून फिरले. माफी मागते. तुम्ही गाळाल अशी भीती मला वाटली, आणि ज्यांचा यात काडीचा स्वार्थ नव्हता त्यांनी गाळलं. इमादशी बोलले. तो म्हणाला, ‘जाऊ दे माया, तुझा मांजाचा बदला पूर्ण झाला.’ हसत म्हणाला. त्याने ओरडायला हवं होतं. मी विचारलं, काही करता येईल का. मी स्वतः पैसे घालू शकत नाही, आमच्या नोकरीत ते चालत नाही. बारा ओळखीच्या बायांना आत्ताच्या नियमांनीही कोणी अडवलं नव्हतं. अडवलं ते मी, तेही जो नियम अजून आलेलाच नाही त्याच्या नावाने.

ऑफिसात मी कलम बदलायला घेतलं. लिहिलं की, वाचणारी व्यक्ती ऐकणारीने स्वतः निवडावी, मध्येच थांबवून विचारता येईल अशी असावी, आणि कागद दोन वेगळ्या दिवशी वाचावा. वरिष्ठांनी विचारलं, ‘थांबवता येईल अशी’ हे तपासायचं कसं? त्यांनी तेवढे शब्द खोडले. दोन दिवसांचं राहिलं. ‘नात्यातली नसावी’ तेही राहिलं. ते खोडा असं म्हणायचं धाडस माझ्यात नाही, कारण ते कपाट अजून तिथेच आहे आणि त्यातले अर्ज खरे आहेत.

आजी, एक कबूल करते. तुझी पत्रं मी मोठ्याने वाचते. दार लावून, तुझ्यासारखं बोलून. इथे माझ्याशी तसं बोलणारं कोणी नाही. शेजारच्या खोलीतली मुलगी विचारत होती, तुझ्याकडे कोण आलं होतं.

तू रागावली आहेस का, तेवढं कळव.

तुझी,
माया


अमरावती
१४ जानेवारी २०२५

चि. मायास,

जयभीम. रागावली नाही. रागवायले समोर माणूस लागते. तू मुंबईत, बंडू अकोल्यात, इमाद भिवंडीत. मी भिंतीवर रागावू का?

रजिया उद्या निघून राहिली. सामान बांधून झालं. लिहायची पेटी तेवढी बाहेर ठेवली, मनली एक पत्र राहिलं. मनून हे.

माह्या पैशाची काळजी करू नको. बँकेत आहेत, परवा तिथल्या पोरीनं मशीनीत पासबुक घालून दाखवलं. जिथल्या तिथं आहेत, कुठं जाऊन नाही राहिले. मीबी नाही. तू अन् तुह्या ऑफिसनं आमाले एकदम सुरक्षित करून टाकलं. दाराले कडी लावली काय न् नाही लावली काय, सारखंच आहे, कोणी येत नाही.

रजिया मनते, हे कडक झालं, खोडू का. नको मनलं. असू दे, पोट्टी मोठी आहे.

तुहं चुकलं असं मी मनत नाही. आजोबाले दारात बसलेलं तू पाहिलं, तवा तू आठ वर्षांची होती, त्याच्याच पायाजवळ बसून अभ्यास करत होती. त्यातून तू हे काम धरलं. चांगलं केलं. त्या कपाटातल्या लोकांसाठी तुहं कलम राहू दे. पण पहिल्या पत्रात मी तुले दोन गोष्टी सांगतल्या होत्या. एक चाळीस हजाराची. दुसरी, जमलं नाही तर रजियाले नेईन मनते ही. तू पैशाचीच वाचली. तुले तर वाचता येते ना?

मीबी चलाखी केली. ‘नेऊ दे, मले काय’ असं लिहायले लावलं. रजियासमोर कसं सांगू? चाळीस हजारात मले डाळीच्या मशीनीचा हिस्सा नव्हता पाहिजे. बाजूच्या घराचं दार उघडं पाहिजे होतं. तुहं पत्र यायचं तवा एक संध्याकाळ वाचण्यात जायची न् एक लिहिण्यात, अन् मधी दोन दिवस काय लिहायचं त्यावर भांडण. असे चार दिवस निघत. फोन आला तर दोन मिनिटं निघतात. मनून मी पत्राचा हट्ट धरला. आता मनशीन आजी लबाड. हाव.

रजियाचा पेन थांबला. लिही वो. रडायचं भिवंडीले जाऊन रड, कागद ओला करू नको, महाग आहे.

अजून एक. रजियानं खाली चार ओळी लिहिल्या त्या मले माहीत नाहीत असं तू बंडूजवळ लिहिलं. मले माहीत होतं. माहं बोलणं संपते तरी तिचा पेन चालतच राहते, कुरकुर ऐकू येते. माहे कान शाबूत आहेत. मी इचारलं नाही. तीस वर्ष पोट्टे सांभाळले, नवरा सांभाळला, तिलेबी चार ओळी स्वतःच्या लागत असतीन. आता हे ऐकून ती हसून राहिली न् रडून राहिली. दोन्ही एका वेळी चांगलं दिसत नाही, या वयात तर नाहीच.

तुह्यासाठी तिच्याजवळ तुरीची डाळ देऊन राहिली. त्या मशीनीतली शेवटची आहे. इमादनं जाताना एक पोतडी माह्या दारात ठेवली होती. मशीन धारणीकडच्या एकानं नेली मने, दोन माणसांत चढली. मी सांगतलं होतं ते त्यानं केलं होतं. डाळ लवकर शिजते, पाणी कमी घालजो. भिवंडी तुह्यापासून किती दूर आहे मले माहीत नाही, पण अमरावतीपेक्षा जवळ असन. रविवारी जा. तिची सून अवघडली आहे, इमाद गोदामात राहीन, रजियाले तिथं कोणी ‘खाला’ मननारं नाही. तू मन. जाशीन तवा तोंड पाडून बसू नको, ती जे वाढीन ते खा न् नावं ठेव. तिले सवय आहे.

आता पत्राचं. बंडू मनते, काकू, मी महिन्यातून एकदा येऊन वाचून देत जाईन. पोट्टा मनाचा वाईट नाही. पण तो आला की मी आधी चहा ठेवते, मंग त्याच्या पोराबाळांचं इचारते, मंग तो वाचते न् मी ‘हाव, हाव’ करते. त्याले कसं थांबवू? तुह्या लोकांनी ते शब्द खोडले ते माह्या कामाचे होते. मनून तू पत्र पाठवू नको. तुहं पत्र येईन न् उशीखाली पडून राहीन, ते मले नाही चालणार. बंद पाकीट उशाशी घेऊन झोपून पाहिलं, अकरा दिवस.

खारी पाठवजो. तिले वाचून दाखवायले कोणी लागत नाही. तो बंडूच्या हातचा डबा मी काल फोडला, रजिया न् मी बसून संपवला. तीन महिन्यांची होती, नरम पडली होती, पण चहात कळलं नाही. आता जिऱ्याचीच पाठव, मस्क्याची नको, दाताले चिकटते. दर पंधरा दिवसाले एक डबा, अन् पंधरा दिवस मने पंधराच. अर्धा किलो पुरे, आता एकटीचा हिशेब धर. डब्यात कागद घालून नीट बांध, तो कागद कोराच असू दे. अन् पोस्टात चुरा झाला तरी घाबरू नको, मी चुराबी तोलून घेईन.

तुही आजी,
दुर्गाबाई